मैदानाचे फाटक कोणासाठी उघडे? एका धर्मगुरूचे अंगण, एक फुटकी बादली आणि आपली ख्रिस्तसभा

डिसेंबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाचा विश्वविख्यात फुटबॉलपटू लिओनेल मेस्सी भारतभेटीवर आला होता. १३ डिसेंबर रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक क्रीडांगणावर महागडी तिकिटे काढून आलेल्या प्रेक्षकांना तो धड दिसलाही नाही. पुढारी, पाहुणे व छायाचित्रकार यांच्या गराड्यात तो काही मिनिटेच मैदानावर थांबला आणि निघून गेला. संतापलेल्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, खुर्च्या मोडल्या. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या वानखेडे क्रीडांगणावरील कार्यक्रम मात्र सुरळीत पार पडला. तेरा वर्षांखालील गुणी मुलामुलींना निवडून त्यांना प्रशिक्षण देण्याची 'महादेवा' ही महाराष्ट्र शासनाची फुटबॉल योजना त्याच्याच उपस्थितीत तेथे जाहीरपणे पुढे आली.

त्याच वर्षी भारताचा पुरुष संघ २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरू शकला नाही. देशातील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धाही व्यवस्थापनाच्या हक्कांच्या वादामुळे ठरल्या वेळी सुरू झाली नाही. एका बाजूस पाहुण्या ताऱ्यासाठी उसळलेली गर्दी आणि दुसऱ्या बाजूस घरच्या खेळाची ही दैना, असे हे चित्र आहे. या विसंगतीची कारणे क्रीडातज्ज्ञ सांगतीलच. तथापि ख्रिस्ती वाचकाने तिच्याकडे आणखी एका दृष्टीने पाहावे, असे वाटते.

गुणवंतांची निवड करणारी योजना स्वागतार्हच आहे. परंतु निवड होण्यापूर्वी मुलाने कोठेतरी खेळलेले असावे लागते. निवडीच्या यादीत मोजकी नावे येतात. ज्यांची नावे येत नाहीत त्या हजारो मुलांनी संध्याकाळी कोठे जावे, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेर राहतो. फुटबॉलचा इतिहास पाहिला तर या खेळाची मुळे निवड समितीच्या बैठकीत रुजलेली नाहीत. कोणीतरी आपल्या आवाराचे फाटक उघडले, तेथे ती रुजली. मेस्सीच्या देशातील एका क्लबची कहाणी या बाबतीत फार बोलकी आहे, आणि तिचा आरंभ एका कॅथॉलिक धर्मगुरूच्या अंगणात झालेला आहे.

ट्रामच्या रस्त्यावरून ओरेटरीच्या अंगणात

विसाव्या शतकाच्या आरंभी अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स झपाट्याने वाढत होती. इटली व स्पेनमधून आलेल्या श्रमिकांची कुटुंबे आल्माग्रोसारख्या वस्त्यांतून दाटीवाटीने राहत होती. या वस्तीतील काही मुले रस्त्यावरच फुटबॉल खेळत असत. त्याच रस्त्यावरून ट्राम धावत असे. एके दिवशी खेळता खेळता एक मुलगा ट्रामखाली येता येता वाचला. हा प्रकार पाहणारे सलेशियन संघाचे धर्मगुरू फादर लोरेंझो मासा अस्वस्थ झाले. त्यांनी मुलांना रागावून घरी पाठवले नाही. आपल्या संत अँथनी ओरेटरीचे अंगण त्यांनी मुलांसाठी खुले केले. अट एकच होती: रविवारी मिस्साला यायचे.

ओरेटरी हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. संत जॉन बॉस्को यांनी इटलीतील ट्युरिन शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी जे केंद्र उभारले, त्याला हे नाव आहे. घर, शाळा, प्रार्थनामंदिर आणि मैदान या चारही गोष्टी तेथे एकत्र नांदत. मैदान हे मुलांना मंदिरात ओढून आणण्याचे आमिष आहे, असे डॉन बॉस्को मानत नसत. मुलाचे मन जेथे मोकळे होते तेथेच त्याची खरी ओळख पटते, हा त्यांचा अनुभव होता.

याच अंगणात १ एप्रिल १९०८ रोजी मुलांच्या संघाला क्लबचे रूप देण्यात आले. मुलांनी क्लबला फादरांचेच नाव द्यायचे ठरवले होते. पण ते त्यांनी नाकारले. शेवटी 'सॅन लोरेंझो' या नावावर एकमत झाले. त्यात संत लॉरेन्स यांचे स्मरण होते आणि १८१३ साली अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्यसंग्रामात सॅन लोरेंझो येथे झालेल्या लढाईचेही. संत लॉरेन्स हे तिसऱ्या शतकातील रोमच्या ख्रिस्तसभेचे उपगुरू होते. ख्रिस्तसभेचा खजिना हजर कर, असा हुकूम होताच त्यांनी शहरातील गोरगरिबांना अधिकाऱ्यासमोर उभे केले आणि हाच आमचा खजिना आहे असे सांगितले, अशी परंपरा आहे. रस्त्यावरच्या पोरांच्या क्लबला याहून समर्पक नाव कोणते मिळाले असते?

क्लबच्या पोशाखातील निळा व लाल हे रंग ख्रिस्ती जनांची साहाय्यकारिणी पवित्र मरिया हिच्या वस्त्रांवरून घेतले, असे सांगितले जाते. धर्मगुरूंच्या काळ्या झग्यांवरून प्रतिस्पर्ध्यांनी या संघाला 'कावळे' असे हिणवले. या मंडळींनी ती हेटाळणी अंगाला लावून न घेता तेच नाव अभिमानाने मिरवले. आज शंभर वर्षांनंतरही सॅन लोरेंझोचा समर्थक स्वतःला कावळा म्हणवून घेतो. मग तो मिस्साला जाणारा असो वा नसो. अंगण धर्मगुरूचे होते, पण क्लब वस्तीचा झाला.

मैदान गेले, वस्ती उरली

या क्लबची ओळख खरी कसाला लागली ती १९७९ मध्ये. आल्माग्रोला लागून असलेल्या बोएदो भागात अ‍ॅव्हेनिडा ला प्लाता या रस्त्यावर १९१६ पासून त्यांचे मैदान होते. तेथील भव्य लाकडी क्रीडांगणाला लोक 'गॅसोमेट्रो' म्हणत. त्या वेळी अर्जेंटिनात लष्करी राजवट होती, क्लब कर्जात होता आणि शहर प्रशासनाच्या डोळ्यांसमोर त्या जागेचे वेगळेच आराखडे होते. डिसेंबर १९७९ मध्ये तेथे शेवटचा सामना झाला. पुढे जागा हातची गेली आणि १९८० च्या दशकात तेथे एका फ्रेंच कंपनीचे मोठे सुपरमार्केट उभे राहिले. १९८१ मध्ये तर संघाची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली. देशातील पाच मोठ्या क्लबांपैकी खाली गेलेला हा पहिलाच क्लब.

स्वतःचे मैदान नाही, श्रेणी नाही, अशा अवस्थेत क्लब संपायला हवा होता. घडले ते उलटेच. १९८२ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील सामन्यांना या संघाचे समर्थक दुसऱ्यांच्या मैदानांवर विक्रमी गर्दी करू लागले आणि त्याच वर्षी संघ वर परतला. १९९३ मध्ये शहराच्या दुसऱ्या भागात नवे क्रीडांगण झाले. पण जुन्या वस्तीचा विसर कोणाला पडला नाही. लोकांनी सभा घेतल्या, मोर्चे काढले, शहराच्या विधिमंडळाकडे दाद मागितली. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुनी जागा क्लबला परत मिळण्याची वाट मोकळी करणारा कायदा संमत झाला. जागेचा मोबदला देण्यासाठी समर्थकांनी चौरस मीटरच्या हिशेबाने पैसे जमवले आणि २०१९ मध्ये त्या भूमीचा ताबा क्लबकडे आला.

या संपूर्ण लढ्यात कोणी एक धनवान मालक पुढे नव्हता. सॅन लोरेंझो हा सभासदांचा क्लब आहे. त्याचे पदाधिकारी सभासद निवडून देतात. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नाही. कर्जे, गटबाजी आणि कारभाराविषयीचे वाद यांनी हा क्लब अलीकडेही ग्रासलेला आहे. परंतु पदाधिकारी बदलले, संघ हरला, जमीनही गेली, तरी हा क्लब कोणाचा याविषयी वस्तीच्या मनात कधी संभ्रम नव्हता.

या क्लबचा एक सभासद पुढे परमगुरू झाला. सभासद क्रमांक ८८,२३५, नाव होर्हे मारियो बर्गोलिओ. पोप फ्रान्सिस यांच्या लहानपणी त्यांच्या घरात सॅन लोरेंझोचेच वारे होते आणि १९४६ चा विजेता संघ त्यांनी नऊ वर्षांच्या वयात पाहिलेला होता. १९९० मध्ये त्यांनी दूरचित्रवाणी न पाहण्याचे व्रत पवित्र मरियेला वाहिले आणि पाळले. त्यामुळे पोप झाल्यावर क्लबच्या सामन्यांचे निकाल त्यांना एक स्विस पहारेकरी कळवीत असे. ऑगस्ट २०१४ मध्ये संघाने दक्षिण अमेरिकेतील सर्वोच्च असा लिबर्टाडोरेस चषक प्रथमच जिंकला आणि काही दिवसांतच तो व्हॅटिकनमध्ये त्यांच्या हाती दिला. २१ एप्रिल २०२५ रोजी त्यांचे देहावसान झाले. परत मिळालेल्या जुन्या भूमीवर उभारावयाच्या क्रीडांगणाला त्यांचे नाव देण्याचे क्लबने ठरवले आहे.

परिघावर जा, फाटके उघडा, हे पोप फ्रान्सिस ख्रिस्तसभेला सतत सांगत राहिले. त्यांच्या शिकवणीची मुळे धर्मशास्त्रात आहेतच. परंतु ज्या क्लबवर त्यांनी आयुष्यभर प्रेम केले, त्याचा जन्मही एका उघडलेल्या फाटकातूनच झाला होता.

आपल्याकडची अंगणे

हे सारे दूरदेशी घडले, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण आपल्या परिसरातही खेळ असाच रुजलेला आहे. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय १८८३ मध्ये शिवोली येथे आलेल्या फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांना दिले जाते. तेथून हा खेळ धर्मग्रामांच्या शाळांत व गावोगावच्या मैदानांत पसरला. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींच्या नावांनीच फुटबॉल संघ ओळखले जातात. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलला आपल्या घरात जागा दिली आणि पेठेची ओळखही दिली. कोठे धर्मग्राम, कोठे तालीम. संघाच्या आधी आसरा होता.

याहून जवळचे उदाहरण आपल्या विदर्भातलेच आहे. १८८३ हेच साल नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाच्या स्थापनेचेही. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाने हे महाविद्यालय उभे राहिले. तेथील क्रीडाशिक्षक प्रा. विजय बारसे यांना २००१ च्या पावसाळ्यात झोपडपट्टीतील काही मुले फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. चिखलात, पावसात ती इतकी रंगून गेली होती की बारसे सर थबकले. त्यांनी त्या मुलांना चेंडू दिला, मग मैदान दिले, मग वस्त्यावस्त्यांतील संघांची स्पर्धा भरवली. 'झोपडपट्टी फुटबॉल' या नावाने सुरू झालेले हे काम पुढे 'स्लम सॉकर' म्हणून जगाला माहीत झाले.

या मुलांना पुढे बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचे दार उघडले. २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ शहरात सुरू झालेली ही स्पर्धा बेघर व वंचित व्यक्तींसाठी आहे. २०१० मध्ये ती ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे भरली, तेव्हा भारतीय संघाचा कर्णधार नागपूरच्या वस्तीतून आलेला अखिलेश पॉल हा तरुण होता. २०१६ मध्ये जागतिक फुटबॉल महासंघ फिफाने आपला विविधता पुरस्कार 'स्लम सॉकर'ला दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांनी या कार्यावरून 'झुंड' हा चित्रपट केला आणि अमिताभ बच्चन यांनी बारसे सरांवर बेतलेली भूमिका साकारली. महाविद्यालय आणि झोपडपट्टी यांच्या मधोमध उभी असलेली भिंत त्या चित्रपटात पुनःपुन्हा दिसते. सबंध कथेचा प्रश्न त्या भिंतीतच साठवलेला आहे.

ब्युनोस आयर्सचे फादर मासा आणि नागपूरचे बारसे सर यांच्यात ९३ वर्षांचे व दोन खंडांचे अंतर आहे. एक धर्मगुरू, दुसरे क्रीडाशिक्षक. तरीही दोघांनी केलेली पहिली गोष्ट एकच: मुले जेथे होती तेथे ते थांबले, आणि 'येथे खेळू नका' असे म्हणण्याऐवजी 'इकडे येऊन खेळा' असे म्हणाले.

भंडारा जिल्ह्यापुढील प्रश्न

नागपूरपासून भंडारा महामार्गाने सुमारे साठ किलोमीटर. आपल्या जिल्ह्यात कॅथॉलिक कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. खेळाचे वेड मात्र कमी नाही. धानाची कापणी झाली की बांध्या मोकळ्या होतात आणि गावोगावची मुले तेथे खेळ मांडतात. कबड्डीचे सामने भरतात, क्रिकेट रंगते. पण शेतातले हे मैदान हंगामी असते. तुमसर, साकोली किंवा भंडारा शहरात राहणाऱ्या मुलाला तेही मिळत नाही. मोकळी जागा दिसते ती बहुधा कोणत्यातरी संस्थेच्या कुंपणाआड, आणि शाळा सुटली की तिला कुलूप लागते.

ख्रिस्ती संस्थांची आवारेही याला अपवाद नाहीत. या कुलपामागे कारणे असतात आणि ती खोटी नसतात. मूल पडले, हात मोडला तर जबाबदारी कोणाची? बाहेरची मुले आली तर शिस्त कोण राखील? बागेची नासधूस झाली, काचा फुटल्या तर? याखेरीज एक अधिक नाजूक कारण आहे. मिशनच्या प्रत्येक कृतीकडे संशयाने पाहणारे आज पुष्कळ आहेत. मुलांना चेंडू दिला तरी त्यामागे धर्मांतराचा हेतू शोधला जाईल, ही भीती अनेक धर्मगुरू व धर्मभगिनींच्या मनात असते.

या भीतीचे उत्तर कुलूप नव्हे, स्वच्छ व्यवहार हे आहे. फादर मासांनी मिस्साची अट घातली ती कॅथॉलिक घरांतील मुलांसाठी, कॅथॉलिक देशात. आपल्या परिस्थितीत तशी अट घालणे उचितही नाही आणि सुवार्तेला धरूनही नाही. खेळायला येणाऱ्या मुलाकडून आपल्याला खेळाशिवाय काहीही नको, हे शब्दांत आणि वागण्यात स्पष्ट असले पाहिजे. पालकांची संमती घ्यावी. देखरेखीला दोन जबाबदार प्रौढ असावेत, त्यांत एक स्त्री असावी. बालसंरक्षणाचे नियम काटेकोर पाळावेत. गावातील शिक्षक, अन्य धर्मीय पालक, ग्रामपंचायतीचे वा नगरपरिषदेचे सदस्य यांना आरंभापासून बरोबर घ्यावे. जे काम चारचौघांच्या डोळ्यांदेखत आणि त्यांच्याच सहभागाने चालते, त्याविषयी अफवा टिकत नाही. सॅन लोरेंझोचा क्लब वस्तीचा झाला म्हणूनच तो वाचला, हे येथेही ध्यानात घ्यावे.

जागा अपुरी आहे, ही सबब मात्र तपासून पाहावी. मोठ्या सामन्याचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असते. एवढी जागा फार थोड्या आवारांत आढळेल. परंतु बेघरांच्या विश्वचषकात प्रत्येक बाजूस चारच खेळाडू असतात, मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते, आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा असतो. इतके अंगण आपल्या अनेक ख्रिस्तमंदिरांपुढे असेल. अशा सामन्यात दोन तासांत डझनभर संघ आलटून पालटून खेळू शकतात, आणि राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसून राहण्याची वेळ क्वचितच कोणावर येते.

मुलींचा विचार तर आधी व्हावा. मुलगे नदीकाठी, रस्त्याच्या कडेला, कोठेही खेळून घेतात. मुलींना घरून परवानगी मिळते ती सुरक्षित, ओळखीच्या जागीच. धर्मभगिनींनी चालवलेल्या शाळांवर सर्व धर्मांच्या पालकांचा जो विश्वास आहे, तो या कामी फार मोलाचा आहे. आठवड्यातील दोन संध्याकाळी जरी हे मैदान केवळ मुलींसाठी राखले, तरी एरवी कधीच न खेळलेल्या कितीतरी मुली खेळू लागतील.

खेळ आणि ख्रिस्तसभा

खेळ हा धर्मकार्याच्या बाहेरचा विषय आहे, असे मानण्याचे दिवस सरले आहेत. १ जून २०१८ रोजी व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवन विभागाने खेळाविषयी ख्रिस्ती दृष्टिकोन मांडणारा स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळ सर्वांना उपलब्ध असावा, पैशाने आणि विजयाच्या हव्यासाने त्याचा आत्मा मारू नये, असा त्याचा आशय आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षात १५ जून रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणादिवशी, पोप लिओ चौदावे यांनी खेळाडूंच्या ज्युबिलीची मिस्सा अर्पण केली. एकेकटे राहण्याची सवय लागलेल्या समाजात खेळ माणसाला इतरांबरोबर राहायला शिकवतो आणि हरण्याचीही शिकवण देतो, या दिशेने त्यांनी श्रोत्यांचे लक्ष वेधले. मोबाइलच्या पडद्यात मान घालून बसलेली आपली मुले पाहिली, की या विचाराचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

२०२६ हे फुटबॉल विश्वचषकाचे वर्ष आहे. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको हे यजमान आहेत. या काळात मेस्सीचे नाव लिहिलेले निळे-पांढरे सदरे आपल्या बाजारातही दिसतात आणि मुले हट्टाने ते मागतात. सदरा घेऊन द्यायला हरकत नाही. पण तो घालून त्याने कोठे खेळावे, याचेही उत्तर आपल्याकडे असावे.

यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत एक साधा विषय घ्यावा: आपले आवार आठवड्यातून किती तास, कोणासाठी, कोणाच्या देखरेखीखाली उघडे राहील? धानकापणी आटोपून मुले मोकळी होतात त्या सुमारास सुरुवात करावी आणि ३१ जानेवारीस, संत जॉन बॉस्को यांच्या सणादिवशी, परिसरातील सर्व मुलामुलींचे चौघा-चौघांचे सामने भरवावेत. संघांना वस्त्यांची, तलावांची, वैनगंगेची नावे द्यावीत. त्यातून एखादा नामवंत खेळाडू निघेल किंवा निघणारही नाही. ख्रिस्तसभेचा खजिना कोठे आहे असे उद्या कोणी विचारले, तर संत लॉरेन्स यांच्याप्रमाणे आपल्यालाही अंगणाकडे बोट दाखवता आले पाहिजे.